कादंबरीमागचा संपादक

मराठीत संपादक हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर येतो तो वर्तमानपत्राचा किंवा मासिकाचा संपादक. लेखकाच्या शेजारी बसून त्याच्या हस्तलिखितावर महिनोन्‌महिने काम करणारा आणि पुस्तक बाजारात आले की बाजूला होणारा ग्रंथसंपादक नावाचाही एक माणूस असतो, याची सर्वसामान्य वाचकाला फारशी कल्पना नसते. मुखपृष्ठावर त्याचे नाव नसते, परीक्षणांत त्याचा उल्लेख नसतो आणि पुरस्कार समारंभात त्याला कोणी व्यासपीठावर बोलावत नाही. अशा अनाम माणसांपैकी ज्यांचे नाव अपवादाने जगभर पोहोचले, ते म्हणजे अमेरिकेतील मॅक्सवेल पर्किन्स. एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड, अर्नेस्ट हेमिंग्वे आणि थॉमस वुल्फ या तीन मोठ्या कादंबरीकारांना नावारूपाला आणणारी पुस्तके याच एका माणसाच्या टेबलावरून छापखान्याकडे गेली.

मृत्यूच्या सव्वा वर्ष आधी, १९४६च्या मार्च महिन्यात, न्यूयॉर्कमध्ये प्रकाशन व्यवसाय शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या एका सायंवर्गात पर्किन्स बोलायला गेले होते. मोठे लेखक घडवणाऱ्या माणसाकडून त्या मंडळींना संपादनाची गुरुकिल्ली हवी होती. पर्किन्स यांनी त्यांची बरीचशी निराशा केली. संपादक पुस्तकात स्वतःचे काहीही घालत नाही, फार तर तो लेखकाची चाकरी करतो, आणि लेखकात मुळात जे आहे तेवढेच बाहेर यायला त्याची मदत होऊ शकते, असे त्यांचे सांगणे होते.

हे सांगणे आज पुन्हा आठवण्याचे कारण असे, की पहिली कादंबरी लिहून बसलेल्या नवोदितापुढे आता एक प्रश्न हटकून उभा राहतो. प्रकाशकाकडे जाण्यापूर्वी पदरचे पैसे मोजून एखाद्या व्यावसायिक संपादकाकडून हस्तलिखित तपासून घ्यावे काय? शब्दागणिक किंवा पानागणिक दर लावून हे काम करणारी माणसे आज सगळीकडे आहेत. त्यांत जाणकार आहेत, तसे केवळ दुकान मांडून बसलेलेही आहेत. संपादकाच्या हाताचा कादंबरीला किती उपयोग होतो, तो कोठे थांबायला हवा आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे, या तिन्ही गोष्टी पर्किन्स यांच्या आयुष्यात जेवढ्या स्पष्ट दिसतात, तेवढ्या क्वचितच अन्यत्र दिसतील.

विल्यम मॅक्सवेल एव्हार्ट्‌स पर्किन्स यांचा जन्म २० सप्टेंबर १८८४ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. घराणे नामवंत. आईचे वडील विल्यम एव्हार्ट्‌स हे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते, तर वडिलांचे वडील चार्ल्स पर्किन्स हे कलासमीक्षक होते. बालपण न्यू जर्सी राज्यातील प्लेनफील्ड या गावी गेले. वकिली करणारे वडील १९०२ साली न्यूमोनियाने वारले, तेव्हा मॅक्सवेल सतरा-अठरा वर्षांचे होते. पुढे त्यांनी हार्वर्डमध्ये प्रवेश घेतला. पण शिकले ते साहित्य नव्हे, अर्थशास्त्र. तेथे चार्ल्स टाउन्सेंड कोपलंड या विख्यात अध्यापकाच्या वर्गात मात्र त्यांना गद्याची गोडी लागली. १९०७ साली पदवी घेतल्यावर ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये काही काळ बातमीदारी करून १९१० साली ते ‘चार्ल्स स्क्रिब्नर्स सन्स’ या प्रकाशनसंस्थेत दाखल झाले. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी लुइझ साँडर्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे या दांपत्याला पाच मुली झाल्या.

स्क्रिब्नर्समधील त्यांचे पहिले काम जाहिरात विभागातले होते. संपादन विभागात ते आले ते तीन-चार वर्षांनी. न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरील ही संस्था म्हणजे सोवळ्यातले घर. हेन्री जेम्स, एडिथ व्हार्टन, जॉन गॉल्सवर्दी यांच्यासारखे प्रतिष्ठित लेखक तेथून प्रसिद्ध होत आणि वृद्ध चार्ल्स स्क्रिब्नर यांना अभद्र वाटेल असा एक शब्दही पुस्तकात जात नसे. कार्यालयातही डोक्यावरची फेल्ट हॅट न काढणारे, कानाने थोडे कमी ऐकणारे आणि मुळातच मितभाषी असे पर्किन्स या वातावरणात शोभून दिसत. हाच माणूस या घराची दारे नव्या पिढीला उघडून देईल, असे तेव्हा कोणाला वाटले नसेल.

१९१८ साली सैन्यात असलेल्या एका तरुणाची कादंबरी स्क्रिब्नर्सकडे आली. तरुणाचे नाव स्कॉट फिट्झजेराल्ड, कादंबरीचे नाव ‘द रोमँटिक इगोटिस्ट’. संस्थेतील ज्येष्ठांना ती मुळीच रुचली नाही. कादंबरी परत गेली, परंतु सोबत केवळ नकाराची छापील चिठ्ठी गेली नाही. कथानक कोणत्याही निष्कर्षापर्यंत पोहोचत नाही, नायकाच्या आयुष्यातील प्रसंगांना पुरेसे महत्त्व येत नाही, अशा नेमक्या उणिवा दाखवून पुनर्लेखन करण्याविषयी सुचवणारे सविस्तर पत्र तिच्यासोबत होते. फिट्झजेराल्डने ती दुरुस्त करून पाठवली. पुन्हा नकार आला. पर्किन्स यांनी तरीही त्याचा नाद सोडला नाही. प्रथमपुरुषी निवेदन सोडून तृतीयपुरुषी निवेदन करून पाहा, असे त्यांनी सुचवले. १९१९च्या उन्हाळ्यात सेंट पॉल या आपल्या गावी आईवडिलांच्या घरी राहून फिट्झजेराल्डने ती कादंबरी जवळजवळ नव्याने लिहिली. सप्टेंबरमध्ये ती संपादक मंडळापुढे आली, तेव्हाही ज्येष्ठांचा विरोध कायम होता. अशी प्रतिभा आपण नाकारणार असू, तर प्रकाशन व्यवसायात राहण्यात अर्थ नाही, अशी भूमिका पर्किन्स यांनी घेतली आणि आपल्या नोकरीची पत पणाला लावून ते पुस्तक मंजूर करून घेतले.

‘धिस साइड ऑफ पॅरडाइज’ २६ मार्च १९२० रोजी प्रसिद्ध झाली आणि तीन हजार प्रतींची पहिली आवृत्ती तीन दिवसांत संपली. गंमत अशी, की एवढ्या आस्थेने काढलेले हे पुस्तक शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेले होते. फ्रँकलिन पी. ॲडम्स या स्तंभलेखकाने त्यांतील चुकांची यादी आपल्या सदरात छापली आणि आणखी चुका शोधणे हा काही काळ वाचकांचा खेळ होऊन बसला. पर्किन्स यांचे स्वतःचे शुद्धलेखन कच्चे होते आणि मुद्रितशोधनात त्यांना मुळीच गती नव्हती. संपादन आणि मुद्रितशोधन ही दोन वेगळी कामे आहेत, हे या प्रसंगातून जसे दिसते तसे एखाद्या पाठ्यपुस्तकातूनही दिसणार नाही. आज नवोदित लेखक ज्यासाठी पैसे मोजतो, ते बहुतेक वेळा यांतले दुसरे काम असते. ते आवश्यक आहेच, पण कादंबरी उभी राहते ती पहिल्या कामामुळे.

हे पहिले काम नेमके काय असते, हे ‘द ग्रेट गॅट्सबी’च्या जन्मकथेत दिसते. १९२४च्या शरद ऋतूत फिट्झजेराल्डने फ्रान्समधून या कादंबरीचे हस्तलिखित पाठवले. पर्किन्स यांनी नोव्हेंबरमध्ये उत्तर लिहिले. त्यात आधी मनापासून कौतुक होते आणि मग काही शंका होत्या. कादंबरीतील इतर पात्रे रस्त्यात दिसली तर ओळखू येतील, पण खुद्द गॅट्सबी धूसर राहतो. त्याचे वय, त्याचे रूप नीट दिसत नाही. एवढी संपत्ती त्याने कोठून आणली, हे संपूर्ण सांगू नये, पण त्याचा सुगावा तरी वाचकाला लागायला हवा. त्याच्या पूर्वायुष्याची हकिगत एकाच ठिकाणी ढीग घातल्यासारखी येते, ती कथानकात विखरून यावी. एवढेच. यावर काय करावे, कोणते वाक्य लिहावे, हे पर्किन्स यांनी सांगितले नाही. त्या हिवाळ्यात रोममध्ये बसून फिट्झजेराल्डने छापून आलेल्या मुद्रितांवरच कादंबरीची पुनर्रचना केली. प्रकरणे हलवली, गॅट्सबीचा भूतकाळ तुकड्यातुकड्यांनी उलगडला. १० एप्रिल १९२५ रोजी पुस्तक प्रसिद्ध झाले. तेव्हा त्याची विक्री निराशाजनक झाली; आज ते अमेरिकन कादंबरीचे शिखर मानले जाते. शंका संपादकाची होती, उत्तर मात्र संपूर्णपणे लेखकाचे होते.

सगळ्याच लेखकांना अशी मदत लागते असे नाही. फिट्झजेराल्डनेच पर्किन्स यांना पॅरिसमध्ये राहणाऱ्या हेमिंग्वेचे नाव कळवले होते. त्याची ‘द सन ऑल्सो राइझेस’ ही कादंबरी १९२६ साली स्क्रिब्नर्सने काढली. तिचा सुरुवातीचा लांबलेला भाग काढून टाकण्याचा मुख्य सल्ला दिला होता तो फिट्झजेराल्डने, म्हणजे पैसे न घेणाऱ्या एका मित्राने. हेमिंग्वेच्या वाक्यांना पर्किन्स यांनी फारसा हात लावला नाही. त्यांचे काम वेगळे होते. सभ्य समाजात न उच्चारले जाणारे शब्द, मद्यपान, सैल नातेसंबंध या साऱ्यांसह हे पुस्तक वृद्ध स्क्रिब्नर यांच्या गळी उतरवायचे होते. १९२९ साली ‘अ फेअरवेल टु आर्म्स’ मासिकातून क्रमशः प्रसिद्ध होत असताना बोस्टनमध्ये त्या अंकांवर बंदी आली, तेव्हाही ते लेखकाच्या बाजूने उभे राहिले. रिंग लार्डनर या विनोदी कथाकाराच्या बाबतीत तर संपादकाला शोधकाम करावे लागले. आपल्या कथांच्या प्रती लार्डनरने जपूनच ठेवल्या नव्हत्या. त्या जुन्या मासिकांतून हुडकून काढून १९२४ साली त्यांचा संग्रह करण्यात आला.

परंतु पर्किन्स यांची खरी कसोटी पाहिली ती थॉमस वुल्फने. उत्तर कॅरोलायना राज्यातील ॲशव्हिल गावचा हा साडेसहा फूट उंचीचा तरुण १९२८ साली एक प्रचंड हस्तलिखित घेऊन प्रकाशकांचे उंबरठे झिजवत होता. अनेकांनी ते नाकारले होते. एका एजंट बाईंमार्फत ते पर्किन्स यांच्याकडे आले, तेव्हा टंकलिखिताची पाने होती अकराशेहून अधिक आणि शब्द होते तीन लाखांच्या घरात. वुल्फ त्या वेळी युरोपात भटकत होता. पर्किन्स यांचे पत्र त्याला व्हिएन्नामध्ये मिळाले. २ जानेवारी १९२९ रोजी दोघांची पहिली भेट झाली. पुस्तक स्वीकारले गेले आणि आगाऊ रक्कम म्हणून ५०० डॉलर वुल्फला मिळाले. नंतरचे काही महिने दोघे हस्तलिखित घेऊन बसले. वडिलांच्या बालपणाचे सुरुवातीचे दीर्घ प्रकरण गेले, अनेक प्रसंग गेले. साठ हजारांहून अधिक शब्द कमी झाले. मूळ नाव ‘ओ लॉस्ट’ बदलून ‘लुक होमवर्ड, एंजल’ झाले आणि १८ ऑक्टोबर १९२९ रोजी, वॉल स्ट्रीट कोसळण्याच्या अवघे काही दिवस आधी, ही कादंबरी प्रसिद्ध झाली.

दुसऱ्या कादंबरीच्या वेळी मामला हाताबाहेर गेला. वुल्फ लिहीत होता, लिहीतच होता, पण कादंबरी संपत नव्हती. १९३३च्या अखेरीस त्याने आणून दिलेले कागदांचे ढीग पाहून पर्किन्स यांनी हे काम आपल्या शिरावर घेतले. १९३४चे जवळजवळ सगळे वर्ष दिवसभराची कचेरी आटोपल्यावर रोज रात्री दोघे बसत. पर्किन्स एखादा भाग काढायला सांगत; वुल्फ दुसऱ्या दिवशी त्या जागी नवी हजारो शब्दांची भर घालून आणी. वडिलांच्या मृत्यूचा प्रसंग थोडक्यात यावा असे संपादकाचे मत होते. वुल्फने तो पानेच्या पाने लिहून आणला आणि तो इतका उत्तम होता की पर्किन्स यांनी आपले मत मागे घेतले. अखेर त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये वुल्फ शिकागोचे जागतिक प्रदर्शन पाहायला गेला असताना पर्किन्स यांनी हस्तलिखित छापखान्यात धाडून दिले. परतल्यावर वुल्फ हबकला. आपल्याला आणखी सहा महिने हवे होते, असे तो म्हणत राहिला. ‘ऑफ टाइम अँड द रिव्हर’ मार्च १९३५मध्ये प्रसिद्ध झाली, ती नऊशेहून अधिक पानांची. पर्किन्स नको नको म्हणत असतानाही वुल्फने ती त्यांनाच अर्पण केली, आणि पुढच्या वर्षी ‘द स्टोरी ऑफ अ नॉव्हेल’ या छोट्या पुस्तकात त्यांच्या मदतीची कहाणी मोकळेपणाने सांगून टाकली.

हा मोकळेपणा त्याला महागात पडला. एप्रिल १९३६मध्ये बर्नार्ड डीव्होटो या समीक्षकाने एका परखड लेखात प्रश्न विचारला, की ज्याच्या कादंबऱ्या पर्किन्स आणि स्क्रिब्नर्सच्या कारखान्यात जुळवल्या जातात, त्याला कलावंत म्हणावे काय? हा घाव वुल्फच्या वर्मी बसला. रॉयल्टीच्या टक्केवारीवरून कुरबुर होतीच. स्क्रिब्नर्समधील माणसांवर त्याने कथा लिहिल्या होत्या, त्यांवरूनही कटुता आली होती. पण मुळाशी होती ती एकच भीती : आपले पुस्तक आपले आहे काय? हे सिद्ध करण्यासाठी त्याला पर्किन्स यांना सोडणे भाग पडले. १९३७च्या अखेरीस त्याने हार्पर या संस्थेशी करार केला. आगाऊ रक्कम होती १० हजार डॉलर. नवा संपादक होता एडवर्ड ॲस्वेल.

नियतीने त्याला ते सिद्ध करू दिले नाही. मे १९३८मध्ये हस्तलिखिताचा नवा ढीग ॲस्वेलकडे सोपवून वुल्फ पश्चिमेच्या प्रवासाला गेला, तो आजारी पडला. सिॲटलच्या रुग्णालयातून ऑगस्टमध्ये त्याने पेन्सिलीने एक पत्र लिहिले, ते पर्किन्स यांना. जुन्या स्नेहाची आठवण काढणारे. १५ सप्टेंबर १९३८ रोजी, अडतिसावा वाढदिवस जेमतेम अठरा दिवसांवर असताना, बाल्टिमोर येथे मेंदूच्या क्षयाने त्याचा अंत झाला. ॲशव्हिलच्या अंत्यविधीला पर्किन्स उपस्थित होते. वुल्फने मृत्युपत्रात आपल्या साहित्याचा व्यवस्थापक म्हणून त्यांचेच नाव लिहून ठेवले होते. ॲस्वेलने त्या ढिगातून ‘द वेब अँड द रॉक’ आणि ‘यू कान्ट गो होम अगेन’ या दोन कादंबऱ्या तयार केल्या. त्यांत ॲस्वेलने किती जोडले, किती बदलले, यावर अभ्यासकांचे वाद पुढे अनेक वर्षे चालले. संपादकाच्या हातातून सुटू पाहणारा लेखक मृत्यूनंतर संपादकाच्याच हाती गेला. २००० साली, वुल्फच्या जन्मशताब्दीला, ‘ओ लॉस्ट’चे मूळ संपूर्ण हस्तलिखित प्रसिद्ध झाले. पर्किन्स यांची कात्री बरोबर होती की नाही, हे आता वाचकाला स्वतःच ताडून पाहता येते. पण त्यावर सर्वांचे एकमत अजूनही झालेले नाही.

वुल्फच्या जाण्यानंतरही पर्किन्स यांचे काम थांबले नाही. फ्लोरिडाच्या रानात राहणाऱ्या मार्जरी किनन रॉलिंग्ज या लेखिकेला, त्या परिसरातील एका मुलावर पुस्तक लिहा, असे त्यांनी कितीतरी आधी सुचवले होते. त्यातून आलेल्या ‘द यर्लिंग’ला १९३९ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. जेम्स जोन्स या माजी सैनिकाची पहिली कादंबरी त्यांनी नाकारली, पण शांततेच्या काळातील सैन्यावर लिहिण्याची त्याची कल्पना ऐकून, न लिहिलेल्या त्या पुस्तकासाठी १९४६ साली ५०० डॉलर देऊ केले. ती कादंबरी, ‘फ्रॉम हिअर टु इटर्निटी’, १९५१ साली आली. दक्षिण आफ्रिकेच्या ॲलन पेटनची ‘क्राय, द बिलव्हेड कंट्री’ ही त्यांच्या अखेरच्या कामांपैकी एक. या दोन्ही कादंबऱ्या छापलेल्या पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. अतिश्रमाने आणि मद्याने प्रकृती पोखरली होती. १७ जून १९४७ रोजी कनेटिकट राज्यातील स्टॅमफर्ड येथील रुग्णालयात न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. वय होते ६२ वर्षे. त्यांच्या पत्रांचा संग्रह सहकारी जॉन हॉल व्हीलॉक यांनी १९५० साली काढला, ए. स्कॉट बर्ग यांनी लिहिलेले चरित्र १९७८ साली आले आणि त्यावरील ‘जीनियस’ हा चित्रपट २०१६ साली.

या सगळ्या हकिगतीत पैशाची वाट कोणत्या दिशेने जाते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पर्किन्स यांना पगार मिळत होता तो प्रकाशकाकडून. लेखकाला ते पत्र लिहीत, हस्तलिखित घेऊन रात्र रात्र बसत, त्याचे मोल लेखकाकडून घेतले जात नव्हते. उलट आगाऊ रक्कम लेखकाकडे जात होती. कर्जात बुडालेल्या फिट्झजेराल्डला तर त्यांनी स्वतःच्या खिशातून वेळोवेळी उसने पैसे दिले आणि १९४० साली तो वारल्यावर त्याच्या मुलीच्या शिक्षणासाठी मदत करणाऱ्यांतही ते होते. यात केवळ औदार्य नव्हते. प्रकाशकाचा पैसा आणि संपादकाची पत त्या पुस्तकावर लागलेली असे. पुस्तक फसले तर नुकसान त्यांचेही होते. म्हणूनच पर्किन्स यांच्या होकाराला किंमत होती आणि नकारालाही. फिट्झजेराल्डचे पहिले हस्तलिखित दोनदा परत करताना त्यांना लेखकाला खूश ठेवायचे नव्हते.

लेखक स्वतः संपादकाला पैसे देतो, तेव्हा हे नाते उलटे होते. संपादकाचे उत्पन्न पुस्तक चालण्यावर अवलंबून राहत नाही, ते लेखकाच्या आशेवर अवलंबून राहते. ही कादंबरी पेटीत ठेवून द्या आणि दुसरी लिहा, हा कित्येकदा सर्वात मोलाचा असलेला सल्ला अशा व्यवहारात देणे अवघड होऊन बसते. अमेरिकेत याचे अनुभव पुष्कळ आले. पर्किन्स सायंवर्गात बोलले त्याच १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये स्कॉट मेरेडिथ यांची एजन्सी सुरू झाली आणि नवोदितांची हस्तलिखिते शुल्क घेऊन वाचण्याचा तिचा व्यवसाय पुढे मोठा झाला. एजंटांच्या संघटनेने नंतर आपल्या आचारसंहितेत अशा वाचनशुल्काला मनाई केली. १९९०च्या दशकात काही एजंट हस्तलिखित परत करताना एका ठरावीक संपादनसंस्थेचे नाव सुचवत आणि गिऱ्हाईक मिळाले की त्यात वाटा घेत, हे उघडकीस आले. न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांना ते प्रकरण न्यायालयात न्यावे लागले.

म्हणून पैसे देऊन संपादन करून घेणे हे सर्वस्वी त्याज्य ठरते काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. पर्किन्स यांच्यासारखी उसंत आजच्या प्रकाशनसंस्थांतील संपादकांना क्वचितच मिळते. तीनदा लिहून घेऊन तिसऱ्यांदा पुस्तक स्वीकारण्याइतका धीर फार थोड्या संस्थांकडे उरला आहे. अशा वेळी परिचितांच्या गोड अभिप्रायांपलीकडचे एखादे जाणते मत हवे असेल, तर त्यासाठी मोबदला देण्यात गैर काहीच नाही. लेखक स्वतःच पुस्तक प्रसिद्ध करणार असेल, तर संपादक आणि मुद्रितशोधक या दोघांचाही खर्च त्याने धरलाच पाहिजे. कारण तेव्हा प्रकाशकाची जोखीम त्यानेच पत्करलेली असते. भाषा परकी असेल, विषय तांत्रिक असेल, तर त्या त्या जाणकाराची मदत घेणेही रास्तच.

मात्र काय विकत मिळते आणि काय मिळत नाही, याचे भान हवे. उणिवांची यादी विकत मिळू शकते. शुद्धलेखन विकत मिळू शकते. सेंट पॉलच्या घरात फिट्झजेराल्डने जो उन्हाळा काढला, तो विकत मिळत नाही. हस्तलिखिताचे पहिले दोन-तीन खर्डे लेखकाने स्वतःच करावेत, दोन-चार चोखंदळ वाचकांना वाचू द्यावेत आणि त्यानंतरही गाडे अडले तरच पैशाचा विचार करावा. तो करतानाही आधी एका प्रकरणापुरते काम देऊन पाहावे. आपल्या वाक्यांच्या जागी स्वतःची वाक्ये घालणाऱ्यापेक्षा शंका विचारणारा संपादक निवडावा. पुस्तक छापून येण्याची हमी देणाऱ्याकडे आणि अमुक एका व्यक्तीकडून संपादन करून घ्या तरच विचार करू, असे सांगणाऱ्याकडे पाठ फिरवावी.

आणि वुल्फची कथा विसरू नये. त्याला लाभला तो त्या काळातील सर्वोत्तम संपादक, निःस्वार्थी आणि जिवाला जीव देणारा. तरीही, हे पुस्तक माझे किती आणि त्याचे किती, या प्रश्नाने तो लेखक पोखरला गेला. पर्किन्स यांनाही ही टोचणी असावी. सायंवर्गातील त्या विद्यार्थ्यांना संपादकाच्या मर्यादा ते इतक्या आग्रहाने सांगत होते, त्याला वुल्फच्या मृत्यूनंतरची आठ वर्षे कारणीभूत असतील. कोणाचीही मदत घेताना, सशुल्क असो वा विनाशुल्क, त्यातली प्रत्येक दुरुस्ती स्वतः समजून, स्वतःच्या हाताने करण्याची तयारी ज्याच्याकडे असेल, त्याला तो प्रश्न सतावण्याचे फारसे कारण उरणार नाही.